वाड्यातली जुनी .३७५ रायफल: काय उजळायचे, काय तसेच ठेवायचे

कपाटामागून जुनी शिकारी रायफल निघाली की हात आपोआप पॉलिश पेपरकडे जातो. तो पेपर आधी माळ्यावर टाका. जुन्या रायफली गंजाने जितक्या बिघडतात, त्याहून जास्त मालकाच्या उत्साहाने बिघडतात. डाग घालवण्याच्या नादात नळीवरची अक्षरे पुसट होतात, दस्त्यावरच्या चौकडीच्या रेघा सपाट होतात, धारदार कडा गोल होतात. गेलेले अक्षर पुन्हा कोरून घेता येत नाही, आणि तो क्रमांकच असेल तर कायद्याची भानगड वेगळीच.

जुन्या नाशकातल्या वाड्यात किंवा देवळालीच्या बंगल्यात आजोबा-पणजोबांच्या नावावर राहिलेली, मध्यम बोअरची, माउझर धाटणीची बोल्ट रायफल (मागचा पोलादी दांडा, म्हणजे बोल्ट, हाताने ओढून काडतूस भरायची) इथे डोळ्यासमोर धरली आहे. मध्यम बोअर म्हणजे नळीचे आतले माप ढोबळमानाने .३३ ते .४० इंच. या मापातली काडतुसे अशी: .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम १९१२ चे, .३१८ वेस्टली रिचर्ड्स (नाव .३१८, गोळी मात्र .३३० इंची) १९१० चे, जर्मन ९.३×६२ हे १९०५ चे. सगळीच मोठ्या जनावरासाठी केलेली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते काम संपले. आज उसात किंवा द्राक्षबागेत बिबट्या दिसला तरी तो वनखात्याचा विषय आहे, या रायफलीचा नाही. त्यामुळे इथे जीर्णोद्धार म्हणजे हत्यार सुरक्षित करणे, गंज थांबवणे, लाकूड वाचवणे आणि जुनेपण जसेच्या तसे ठेवणे.

आधी कागद

ज्यांच्या नावावर परवाना होता ते वारले असतील, तर रायफल घरात ठेवून साफसफाईला सुरुवात करता येत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायची आणि मग वारसाने स्वतःच्या नावावर परवाना मागायचा. वारसांसाठीची तरतूद शस्त्र नियम २०१६ च्या नियम २५ मध्ये आहे. मूळ परवानाधारक हयात असतील, पण वयाची ७० वर्षे झाली असतील किंवा हत्यार २५ वर्षे त्यांच्याकडे असेल, तरी याच नियमाखाली वारसाला अर्ज करता येतो. नाशिक शहरात अर्ज पोलीस आयुक्तालयाकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच हत्यारे ठेवता येतात, वारशाने आलेले धरूनच. घरात आधीच दोन असतील तर हा हिशेब अगोदर करा.

दुसरी गोष्ट त्याहून जास्त लोक विसरतात. कलम ५ प्रमाणे हत्याराची दुरुस्ती हाही परवान्याचा धंदा आहे. परवानाधारक मालकाने पुसणे, तेल देणे, दस्त्याला तेल पाजणे, नळी साफ करणे यात काही वावगे नाही. पण नळी, चेंबर (काडतूस बसते ती जागा), बोल्टचे लग (बोल्ट अडकवून धरणारे दात), चाप यांपैकी कशालाही हात घालायचा असेल तर रायफल दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडेच गेली पाहिजे, परवान्याची प्रत आणि जमा-पावतीसह. सातपूर-अंबडच्या टूलरूममध्ये कितीही हुशार फिटर ओळखीचा असला, तरी रायफलीचा भाग त्याच्या व्हाइसमध्ये धरायचा नाही. त्याच्याकडून अवजारे करून घ्या, ती मात्र खुशाल. त्याविषयी पुढे येईलच.

रिकामी आहे का, आणि नळीत काय आहे

बोल्ट मागे ओढा, मॅगझिनची तळपट्टी उघडा, चेंबरमध्ये करंगळी घालून बघा. मग बोल्ट पूर्ण बाहेर काढा आणि उजेडाकडे धरून मागून पुढे नळीतून पाहा. वर्षानुवर्षे उभ्या ठेवलेल्या नळीत कुंभारीण माशी हमखास मातीचे घर करते. खिडकीच्या भोकात करते तेच. तेलाने भिजलेले ते ढेकूळ विटेसारखे घट्ट होते, आणि अशा नळीतून गोळी सुटली तर नळी फुटते. जुना बूच, चिंधीचा बोळा, तुटलेला ब्रश हेही सापडतात. आत काही असेल तर गजाने पुढे ठोकू नका. मागच्या बाजूने थोडे टर्पेंटाइन सोडा, रात्रभर भिजू द्या, सकाळी लाकडी काठीने हलकेच ढकला.

रायफलीबरोबर जुनी काडतुसे निघालीच, तर तीही परवान्याच्या हिशेबात धरली जातात. त्यांतली दारू बहुधा कॉर्डाइट असते, शेवयांच्या कांड्यांसारखी. पितळ मानेशी तडकलेले असते, बुडातली ठिणगी पाडणारी टोपी कधी उशिरा पेटते. ती ‘बघू तरी चालतात का’ म्हणून लावायची नाहीत. ओलसर कपड्यात गुंडाळूनही ठेवायची नाहीत. विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करा.

नळीवरचा शिक्का भिंगातून वाचा आणि जसाच्या तसा उतरवा. ‘.३७५’ एवढ्याने भागत नाही. १८९९ च्या सुमाराचे .३७५ फ्लँज्ड नायट्रो एक्सप्रेस अडीच इंची, १९१२ चे .३७५ फ्लँज्ड मॅग्नम आणि त्याच वर्षीचे पट्टेवाले बेल्टेड मॅग्नम ही तीन वेगळी काडतुसे आहेत. परवान्यावर नुसते ‘.३७५ रायफल’ लिहिलेले असते आणि गोंधळ तिथून सुरू होतो. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचा (हत्यारे तपासून शिक्का मारणाऱ्या संस्थेचा) मुकुटाखालचा ‘बीएनपी’ हा शिक्का असेल तर रायफल १९५४ नंतर तपासली गेली आहे. त्याआधीच्या रायफलींवर वेगवेगळे छोटे शिक्के आणि दारू किती ग्रेन, गोळी किती ग्रेन हे कोरलेले असते. बोल्टवर, नळीवर आणि तळपट्टीवर क्रमांक एकच आहे ना, तेही पाहा. बोल्टचा क्रमांक जुळत नसेल तर कारागिराने गेजने तपासेपर्यंत ती रायफल फक्त शोभेची. पट्टेवाल्या .३७५ मध्ये काडतूस बुडाशी असलेल्या पट्ट्यावर टेकते आणि त्या पट्ट्यासाठी ठरलेले अंतर ०.२२० इंच आहे. तिथे मोकळीक वाढलेली असली तर डोळ्याला काहीच दिसत नाही, केस मात्र पट्ट्याच्या पुढे तुटते.

स्क्रू: अर्धी नासाडी इथेच होते

इंग्रजी रायफलीच्या स्क्रूची खाच केसासारखी बारीक आणि सरळ भिंतीची असते. बाजारातला चपटा पेचकस टोकाला निमुळता. तो खाचेच्या फक्त वरच्या कडेला धरतो, जोर लावला की निसटतो आणि कड उचकटतो. शेजारच्या नक्षीवर ओरखडा पडतो तो कायमचा. म्हणून आधी अवजार करा. टूलरूममधून जुन्या पेचकसाचे पाते दोन्ही बाजूंनी समांतर घासून घ्या, असे की ते खाचेत तळापर्यंत जाईल, रुंदीत स्क्रूच्या डोक्याइतकेच असेल आणि जराही डुलणार नाही. चापाच्या गार्डचे दोन मोठे स्क्रू, त्यांचे चिमुकले लॉक स्क्रू आणि बट प्लेटचे (दस्त्याच्या टोकावरच्या पट्टीचे) दोन, एवढ्यांसाठी तीन मापे पुरतात.

न हलणाऱ्या स्क्रूवर जोर करू नका. अॅसिटोन आणि गाड्यांच्या ऑटोमॅटिक गिअरचे तेल समसमान मिसळून एक-एक थेंब टाका. दोन-तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ. मग मोठ्या सोल्डरिंग आयर्नचे तापलेले टोक मिनिटभर फक्त स्क्रूच्या डोक्यावर टेकवा, गार होऊ द्या, पुन्हा थेंब. लॉक स्क्रू आधी काढायचा हे विसरून मोठ्या स्क्रूशी झटापट करणारे पुष्कळ. तरीही हलला नाही तर कारागीर.

पुठ्ठ्यावर रायफलीची आकृती काढा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा. पुढचा आणि मागचा गार्ड स्क्रू लांबीला वेगळे असतात. लांब स्क्रू चुकीच्या जागी घट्ट केला तर बोल्ट अडतो. चांगल्या रायफलीच्या सगळ्या खाचा नळीच्या रेषेत उभ्या थांबतात. पुन्हा बसवताना त्या तशाच थांबल्या की सगळे आपापल्या जागी बसले समजा.

दस्ता

खरे काम इथे आहे, आणि घाई केली तर लाकूडच सगळ्यात आधी जाते. दस्ता बहुतेक अक्रोडाचा. बोल्टच्या मागे, चापाच्या वरच्या भागात लाकूड काळे पडलेले दिसेल. ते वय नव्हे. चाळीस-पन्नास वर्षे रायफल नळी वर करून उभी ठेवली, वरून तेल घातले, ते तेल खाली उतरून लाकडात मुरले. असे लाकूड नखाने दाबले तर मऊ लागते, आणि .३७५ चा धक्का सहन न होऊन तिथेच, टँगच्या (नळीमागच्या पोलादी सांगाड्याच्या शेपटाच्या) मागे, चिरते.

तेल बाहेर काढायला खडूची पूड, म्हणजे रंगाच्या दुकानात मिळणारे व्हायटिंग, अर्धा किलो घ्या. त्यात अॅसिटोन मिसळून इडलीच्या पिठाइतका दाट लगदा करा. खोली उघडी हवी, गॅस, शेगडी, उदबत्ती काहीही पेटलेले नको. काळ्या भागावर तीन-चार मिलिमीटर जाड थापा आणि उन्हात ठेवा. तासाभरात पांढरा लेप सुकून पापडासारखा तडकतो आणि कडेने पिवळसर, मग भाकरीच्या करपलेल्या डागासारखा तपकिरी होतो. ते सगळे तेल. ताठ ब्रशने झटका, पुन्हा थापा. चार ते आठ वेळा करावे लागते. शेवटचा लेप पांढराच सुकला की थांबा. चौकडीच्या रेघांवर लेप लावू नका, पूड खाचांत बसली की निघत नाही. तिथे टर्पेंटाइन आणि जुना मऊ दातांचा ब्रश, रेघेच्या दिशेने.

लाकडावर खळगे असतील तर घासू नका, फुगवा. ओल्या सुती कपड्याची चौपट घडी खळग्यावर ठेवून गरम इस्त्रीचे टोक पाच-सहा सेकंद टेकवा. वाफेने दबलेले तंतू उठतात. दोन-तीन वेळा केले की बराचसा खळगा भरून येतो. तंतू तुटलेला असेल तर मात्र तो उठणार नाही, तो तसाच राहू द्या. एखाद्या सांबराच्या शिकारीच्या दिवशी दगडावर आपटलेला तो खळगा असेल. मुळात जुन्या दस्त्यावर सँडपेपर चालवायचाच नाही. लाकूड आणि पोलाद जिथे मिळतात तिथे लाकूड केसभर वर असते. घासले की ते पोलादाच्या खाली जाते, मग किती तेल पाजले तरी ती रायफल कुणीतरी घासली आहे हे लांबून दिसते. उठलेले तंतू बसवायचे असतील तर ओल्या कपड्याने पुसून, वाळल्यावर ०००० क्रमांकाचे, म्हणजे अगदी बारीक, स्टील वुल हलकेच फिरवा. बस्स.

बारीक चीर असेल आणि हलत नसेल, तर तेल पूर्ण काढल्यावर पातळ इपॉक्सी कारागिराकडून भरून घ्या. तेलकट लाकडात सरस, फेव्हिकॉल, इपॉक्सी काहीच धरत नाही. चीर पुन्हा का उघडली याचे उत्तर बहुधा हेच असते. भरताना टँगच्या मागे लाकडात साधारण एक मिलिमीटर फट ठेवायला सांगा, म्हणजे धक्का रिकॉइल लगवर (धक्का झेलणाऱ्या पोलादी दातावर) जाईल, लाकडाच्या शेपटावर नाही. ही फट चुकीची वाटून कोणी भरून टाकली तर पुढची चीर तीच.

रतनजोत आणि जवस

इंग्लंडमधले जुने दस्ते लालसर दिसतात ते अल्कॅनेट मुळीमुळे. आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात मिळते ती रतनजोत त्याच कुळातली, रंगही तसाच तेलात उतरणारा. पाण्यात काहीच होत नाही. ३० ग्रॅम मुळी ठेचून २०० मिली डबल बॉइल्ड लिन्सीड ऑइलमध्ये आठवडाभर ठेवा, रोज एकदा हलवा. घाई असेल तर गरम पाण्याच्या पातेल्यात बाटली अर्धा तास ठेवा, थेट आचेवर कधीच नाही. किराणा दुकानातले खायचे जवसाचे तेल चालत नाही. ते कच्चे असते, हप्तेच्या हप्ते चिकट राहते. रंगाच्या दुकानातल्या डबल बॉइल्डमध्ये सुकवण्याचा घटक असतो म्हणून ते वाळते.

पहिले दोन हात तेल आणि टर्पेंटाइन समसमान करून, चमचाभर अख्ख्या दस्त्याला. पंधरा मिनिटांनी वर राहिलेले सगळे कोरड्या कापडाने पुसा. लाकडावर काही शिल्लक राहिले असे वाटता कामा नये. चकाकी नंतरच्या दहा-बारा पातळ हातांनी येते, जाड एका हाताने नाही. जाड थर वर सुकतो, आत चिकट राहतो, आणि दोन महिन्यांनी अंगठ्याचा ठसा त्यात उमटतो. दोन हातांमध्ये कोरड्या दिवसांत २४ ते ४८ तास. आषाढ-श्रावणात चार-पाच दिवसही पुरत नाहीत. म्हणून नाशकात दस्त्याचे काम फेब्रुवारी ते मे या काळात काढा, पावसाळ्यात लाकूड हातात घेऊच नका. दरेक हात तळहाताने चोळून लाकूड कोमट होईपर्यंत घासायचा. चौकडीवर एकच हात, ब्रशने, आणि कोरड्या ब्रशने जास्तीचे तेल झटकून.

एक गोष्ट जीव तोडून सांगायची. या तेलाच्या चिंध्या बोळा करून डब्यात किंवा कोपऱ्यात टाकू नका. सुकताना त्या स्वतःहून तापतात आणि पेट घेतात. एक-एक उलगडून बाहेर तारेवर वाळत घाला, किंवा पाण्यात बुडवून मगच फेका.

बट प्लेटच्या जागी जुना लाल रबराचा पॅड असेल आणि तो दगडासारखा कडक झाला असेल, तर बदलायचा असल्यास नवा पॅड आतल्या बाजूने घासून बसवायला सांगा, दस्त्याचे टोक कापू देऊ नका. जुना पॅड जपून ठेवा.

गंज

पोलादावरचे डाग तीन प्रकारचे असतात आणि तिघांवर एकच औषध नाही. हातावर लाल भुकटी सुटते तो ताजा गंज. काळपट, गुळगुळीत, तेलाने आणखी गडद होतो तो जुना, स्थिरावलेला रंग. तो गंज नाही, त्याला हात लावायचा नाही. आणि बोटाला खडबड लागते ते खड्डे. ते जात नाहीत, त्यांचा फक्त विस्तार थांबवायचा.

ताज्या गंजावर शिलाई मशीनचे तेल घाला, २४ तास मुरू द्या आणि तांब्याच्या जुन्या नाण्याची कड जवळजवळ आडवी धरून खरवडा. तांबे पोलादापेक्षा मऊ, म्हणून गंज सुटतो, निळसर पॉलिश राहते. मग ०००० स्टील वुल तेलात भिजवून, दोन बोटांच्या दाबाने, नळीच्या लांबीत. गोल गोल नाही. अक्षरे आणि शिक्के असलेल्या ठिकाणी स्टील वुलही नको, तिथे लाकडी टूथपिक.

गंज नळीभर पसरला असेल तर उकळण्याची रीत आहे, आणि ती जुन्या इंग्रजी रायफलींना फार मानवते. कारण त्यांचे मूळ निळे पॉलिश हे स्वतःच ‘रस्ट ब्लू’ आहे, गंज चढवून, उकळून, खरवडून केलेले. लाल गंज उकळत्या पाण्यात काळ्या मॅग्नेटाइटमध्ये बदलतो. तो काळा थर मऊ ब्रशने घासला की खालचे जुने निळे पॉलिश जवळजवळ अखंड निघते. काम कारागिराचे, कारण चापासकट सगळे सुटे करावे लागते, पण त्याच्याकडे ही सोय नसेल तर तुम्ही सामान देऊ शकता: एक मीटर लांब, बारा सेंटिमीटर रुंद आणि तेवढीच खोल पत्र्याची पन्हळ आणि दहा-बारा लिटर डिस्टिल्ड पाणी. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला विकत मिळते ते पाणी घ्या. बोअरवेलच्या पाण्याने पोलादावर क्षारांचे पांढरे ठिपके बसतात, मग ते खरवडताना पॉलिश जाते.

स्प्रिंगा, चाप, बोल्ट सगळे काढलेले असावे. अॅसिटोनने तेल पूर्ण पुसावे आणि मग नळीला उघड्या बोटांनी हात लावू नये, हातमोजे. तारेने टांगून, पत्र्याला न टेकता, वीस मिनिटे खळखळ उकळायचे. बाहेर काढताच गरम नळी आपोआप वाळते. आतून ताबडतोब कोरडी चिंधी आणि तेल, कारण दहा मिनिटांत आत नवा गंज धरतो. काळी मखमल बसलेली दिसेल. ती तेल धुऊन काढलेल्या ०००० स्टील वुलने, न दाबता, पुसायची. हे दोन-तीन वेळा केले की लाल दिसणे थांबते.

‘नवे ब्लूइंग करून देतो, आरशासारखे’ हा प्रस्ताव आला तर नको म्हणा. आजची गरम क्षारांची पद्धत कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटमध्ये, एकशे पस्तीस ते दीडशे अंशांवर चालते. जुन्या रायफलींची माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) आणि मागच्या साइटचा पाया बऱ्याचदा मऊ सोल्डरने बसवलेला असतो, ते सोल्डर या क्षारांत विरघळते. जोडनळी रायफलीच्या तर दोन्ही नळ्याच सुट्या होतात. शिवाय त्याआधी बफिंग होते, आणि नाव-गावासकट सगळे पुसले जाते. फॉस्फोरिक आम्लाचे गंज रिमूव्हर जेल हाही तसाच पाहुणा: गंजाबरोबर निळे पॉलिशही खातो.

नळीच्या आतली बाजू

गज मागच्या बाजूनेच, चेंबरमधून. पुढून घातला तर तो तोंडाच्या कडेवर घासतो, आणि गोळी शेवटी सोडणारी ती कड झिजली की रायफल कधीच सरळ मारत नाही. एकसंध, प्लास्टिकचा लेप असलेला किंवा पितळी गज घ्या. तीन तुकड्यांच्या जोडगजाचे सांधे आतून ओरखडतात.

जुन्या काडतुसांच्या टोप्यांतून पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाच्याच जातीचा क्षार, नळीत राहतो. तो तेलात विरघळत नाही. म्हणून आजोबांनी दरवेळी तेल घातले तरी आत खड्डे पडले. त्याला फक्त पाणी लागते. दस्त्यातून काढलेल्या नळीत चेंबरकडून अर्धा लिटर कडकडीत डिस्टिल्ड पाणी फनेलने ओता, लगेच कोरड्या चिंध्या, मग तेल. त्यानंतर ब्राँझ ब्रश आणि सॉल्व्हंट, दहा-बारा फेऱ्या, नंतर पांढऱ्या चिंध्या. निळ्या-हिरव्या निघतात तोवर आत तांबे आहे. अमोनियाचे तांबेकाढू द्रावण डब्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका. रात्रभर ठेवले तर पोलादही खाल्ले जाते, आणि दोन वेगळी द्रावणे एकमेकांत मिसळू नका. मऊ जागा वाटल्यासारखा गज कुठे सैल जात असेल तर नळी तिथे फुगली आहे. तशी रायफल झाडायची नाही.

कॉर्डाइटच्या उष्णतेने चेंबरच्या लगेच पुढे रायफलिंग (नळीच्या आतले पिळाचे आटे) झिजून करडे, खडबडीत झालेले दिसेल. त्याला इलाज नाही, त्याची फार काळजीही नको.

बोल्ट

बोल्ट कॉक करून (चाप ओढायच्या तयारीत आणून) सेफ्टीचा पंख उभा करा, बोल्ट बाहेर काढा, डाव्या बाजूची खुंटी दाबून मागचा भाग उलटा फिरवा. स्प्रिंग दाबलेली असते, डोळ्यांवर चष्मा हवा. जुने घट्ट तेल टर्पेंटाइनने धुवा, टोपीवर आदळणाऱ्या पिनचे टोक गोल आणि गुळगुळीत आहे का पाहा, स्प्रिंगवर तेलाचा फक्त ओलावा ठेवा. लांब एक्स्ट्रॅक्टर (केस ओढून काढणारी पट्टी) काढायचा अट्टहास करू नका. आणि माउझरमध्ये काडतूस थेट चेंबरमध्ये टाकून बोल्ट बंद करायची सवय नको. एक्स्ट्रॅक्टरचा पंजा बुडावरून उडी मारायला केलेला नाही, मॅगझिनमधून वर येणाऱ्या काडतुसाचे बूड त्याच्याखाली सरकावे म्हणून केलेला आहे. तुटलेले पंजे बहुतेक याच सवयीचे.

पावसाळा

जून लागण्याआधी सगळे कोरडे, तेलाचे आणि बंद हवे. खोबरेल तेल लावायची जुनी पद्धत सोडा. ते २४-२५ अंशांखाली गोठते, आणि निफाड-नाशिकच्या डिसेंबरात ते पिनभोवती मेणासारखे बसून पिन संथ करते. वर खवट होते ते वेगळेच. बाहेरून पेट्रोलियम जेलीचा पुसट थर, आतून हलके तेल. रायफल तेल दिल्यावर दोन दिवस तोंड खाली करून, चिंधीवर उभी ठेवा, म्हणजे तेल दस्त्यात न जाता खाली निथळेल.

कातडी किंवा कॅनव्हासच्या पेटीत कधीच ठेवू नका. चामड्यातली आम्ले आणि त्यात मुरलेला दमटपणा मिळून बंद पेटीत तीन महिन्यांत जो गंज येतो, तो उघड्या कपाटात तीन वर्षांत येत नाही. कुलूपबंद पोलादी कपाट, भिंतीला न टेकलेले, आत साधा हायग्रोमीटर आणि अर्धा किलो सिलिका जेल. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहिली की लाकूडही तडकत नाही. रंग बदलणारे जेल घ्या, रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास. इगतपुरीच्या बाजूला घर असेल तर हे महिन्यातून दोनदा होते. हातातून गेल्यावर पुसणे तर रोजचे, घामाच्या बोटांचा ठसा पावसाळ्यात दोन दिवसांत लाल होतो.

निवडणुकीत हत्यार जमा करायचा हुकूम आला तर आदल्या रात्री जेलीचा जाड थर द्या, नळीत तेलकट चिंधी ओढा पण आत ठेवू नका, बोल्टला वेगळे गुंडाळा आणि कव्हर न घालता साध्या सुती कापडात द्या. पावतीवर क्रमांकाबरोबर नळीची व दस्त्याची अवस्था लिहून घ्या, आदल्या दिवशीचे तारखेसह फोटो ठेवा. परत मिळाल्यावर कापड सोडण्याआधीच रायफल रिकामी आहे ना ते बघा, आणि त्याच संध्याकाळी नळीतून कोरडी चिंधी काढा.